हिशेब कोणाला द्यायचा? जमात, संलग्न मंडळे आणि मध्यवर्ती कारभार

(एडवण येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गावातल्या संस्थांचे जमाखर्च लिहिण्यात ज्यांनी हयात घालवली त्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथे जमतो. म्हणून मी विषय हिशेबाचाच निवडला. मात्र हिशेब मुसलमानांच्या जमातींचा आहे. एडवणमध्ये उभे राहून हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. आपल्या किनाऱ्यावर वाडवळ असोत, मांगेले असोत, भंडारी असोत, प्रत्येक समाजाची गावकी आहे, मुंबईत नोकरीला गेलेल्यांचे मंडळ आहे, महिला मंडळ आहे, तरुणांचे क्रीडा मंडळ आहे आणि या सगळ्यांच्या वर कुठेतरी एक मध्यवर्ती संघ आहे. शाखेने जमवलेला पैसा शाखेचा की संघाचा, महिला मंडळाची अध्यक्ष बायकांनी निवडायची की कार्यकारिणीने नेमायची, यावरून झालेली भांडणे इथल्या प्रत्येकाने पाहिली आहेत. ती बहुधा ओटीवर सुरू होतात आणि ओटीवरच मिटतात. त्यांची नोंद राहत नाही. मुंबईतल्या मुस्लिम जमातींची हीच भांडणे गेली पावणेदोनशे वर्षे कोर्टात गेली, साक्षी झाल्या, निकाल छापले गेले. समाजाचा मध्यवर्ती कारभार आणि त्याच्या हाताखालची मंडळे यांचे नाते कसे घडते, कुठे बिघडते, याचा इतका सविस्तर कागद आपल्या राज्यात दुसऱ्या कुठल्या समाजाचा असेल असे मला वाटत नाही.

आणखी एक कारण आहे. मुसलमान समाज म्हणजे एका हुकमावर चालणारी फौज, अशी समजूत बाहेर फार पसरली आहे. ही समजूत खोटी आहे. सुन्नी मुसलमानांत सर्वांना बांधील अशी एकच गादी नाही. शियांतल्या इस्माइली परंपरेत गादी आहे, पण खोजांची वेगळी आणि बोहऱ्यांची वेगळी. प्रत्येक ठिकाणी मंडळांचे केंद्राशी नाते निराळे आहे आणि ते लढून, भांडून, कधी रक्त सांडून ठरले आहे.

सुरुवात खोजांपासून करतो, कारण सगळे प्रश्न तिथे प्रथम विचारले गेले.

खोजा मूळचे सिंध, कच्छ, काठेवाडकडचे व्यापारी. मुंबईत त्यांची वस्ती वाढली तसा जमातखाना त्यांच्या सामाजिक आयुष्याचा मध्य झाला. जमातीचे दोन कारभारी असत. मुखी हा प्रमुख आणि खजिनदार, कामडिया हा हिशेबनीस. कुटुंबे आपल्या मिळकतीतून दसोंद हे धार्मिक देणे काढत आणि तो पैसा इराणात राहणाऱ्या इमामाकडे पोहोचवला जाई. इमाम दूर होता तोवर कारभार मुखी-कामडिया आणि भरलेली जमात यांच्याच हातात होता. १८२९ मध्ये हबीब इब्राहिम आणि त्यांच्या बाजूच्या काही कुटुंबांनी दसोंद द्यायला नकार दिला. त्यांना जमातीबाहेर काढले गेले. बहिष्कृत बारा जण होते, म्हणून त्यांच्या गटाला बारभाई नाव पडले. पेशवाईतले बारभाई आपल्याला माहीत आहेत, मुंबईच्या खोजांचे हे बारभाई मराठी वाचकाला फारसे माहीत नाहीत. १८३५ मध्ये त्यांना परत घेतले गेले, पण मूळ वाद तसाच राहिला.

१८४० च्या दशकात हे इमाम, म्हणजे पहिले आगाखान हसन अली शाह, इराणातल्या सत्तेशी बिनसल्यावर अफगाणिस्तान, सिंध असे करत मुंबईला आले. दूरची गादी दारात येऊन बसली आणि सगळा तोल बदलला. १८५० मध्ये माहीमच्या जमातखान्यात बारभाईंच्या पक्षाच्या चार माणसांचा खून झाला. हे मुंबईचे माहीम, आपले केळवे-माहीम नव्हे. १८६१ मध्ये आगाखानांनी श्रद्धेची कबुली देणाऱ्या कागदावर जमातीच्या सह्या मागवल्या. नकार देणाऱ्यांनी अखेर मुंबई हायकोर्टात दावा लावला. तोच १८६६ चा प्रसिद्ध आगाखान खटला.

दाव्यात काय मागितले होते ते लक्ष देऊन ऐका. जमातीच्या मालमत्तेचा हिशेब घ्यावा. मुखी आणि कामडिया ठराविक मुदतीने निवडले जावेत. आगाखानांनी कारभारात हात घालू नये. आणि यासोबत वादींनी एक मागणी जोडली, की खोजा हे सुन्नी आहेत, म्हणून सुन्नी नसलेल्याला जमातीच्या मालमत्तेत हक्क नसावा. न्यायमूर्ती जोसेफ अर्नोल्ड यांनी १२ नोव्हेंबर १८६६ रोजी निकाल दिला. त्यांनी खोजांचे आद्य धर्मप्रचारक पीर सद्रुद्दीन यांच्यापासूनचा इतिहास तपासला, धर्मग्रंथ तपासले आणि ठरवले की खोजा हे शिया इमामी इस्माइली आहेत, वंशपरंपरेने आलेल्या इमामाशी निष्ठा हा त्यांच्या पंथाचा पाया आहे. जो ही निष्ठा मानत नाही त्याचा जमातीच्या मालमत्तेवर हक्क नाही. दावा फेटाळला गेला.

कायद्याच्या इतिहासात या निकालाला मोठे स्थान आहे आणि अर्नोल्ड यांची विद्वत्ता वादातीत आहे. तरी मला त्यात एक खोल नुकसान दिसते. वादींनी प्रश्न विचारला होता वहीचा आणि उत्तर मिळाले श्रद्धेचे. दोष वादींचाही आहे, कारण सुन्नी-शिया हा मुद्दा त्यांनीच पुढे केला आणि त्या मुद्द्याखाली हिशेबाची मागणी गाडली गेली. इमामावर संपूर्ण श्रद्धा असलेल्या खोजाला मुखीकडे जमाखर्च मागता येतो की नाही, हा प्रश्न खटल्याच्या शेवटी होता तिथेच राहिला. त्यानंतर दीडशे वर्षे आपल्याकडे हेच होत आले. कुणी पैशाचा हिशेब मागितला की त्याच्या श्रद्धेवर संशय घेतला जातो. हे फक्त खोजांत होते असे कुणी समजू नये.

पुढे काय झाले हे जास्त महत्त्वाचे आहे. जिंकलेल्या गादीने आपला कारभार मुखीच्या मर्जीवर सोडला नाही. आपल्याला पुण्याच्या आगाखान पॅलेसमुळे माहीत असलेले तिसरे आगाखान यांनी १९०५ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या जमातीसाठी लेखी घटना केली आणि कौन्सिलांची पद्धत सुरू झाली. चौथ्या आगाखानांनी १९८६ मध्ये जगभरच्या जमातीला एकच घटना दिली. तीत राष्ट्रीय कौन्सिल आहे, त्याखाली प्रादेशिक आणि स्थानिक कौन्सिले आहेत. धर्मशिक्षणाचे मंडळ वेगळे. पैशाच्या शिस्तीवर नजर ठेवणारे मंडळ वेगळे. आणि आपसातल्या तंट्यांसाठी सलोखा व लवादाचे मंडळही वेगळे. शाळा, दवाखाने, घरबांधणी यांच्या संस्था आणखी निराळ्या. नेमणुका इमामाकडून होतात, पण त्या मुदतीच्या असतात, साधारण तीन वर्षांच्या, आणि काम मानद असते. डॉक्टर, वकील, चार्टर्ड अकाउंटंट अशी माणसे मुदत भरली की खुर्ची सोडतात आणि नवी माणसे येतात.

इथे निवडणूक नाही. बारभाईंनी मागितली होती ती गोष्ट त्यांच्या वारसांना अजून मिळालेली नाही. परंतु तीन गोष्टी मिळाल्या: लिहिलेला नियम, संपणारी मुदत आणि तंटा नेण्याची जागा. या तिन्हींमुळे संलग्न मंडळ गादीचे असूनही एका माणसाच्या हातचे राहत नाही. माझ्या दृष्टीने ही मोठी कमाई आहे. तिचे श्रेय आगाखानांच्या दूरदृष्टीला द्यायला हवे आणि १८२९ मध्ये पैसे अडवून बसलेल्या त्या कुटुंबांनाही द्यायला हवे.

आता बोहरा समाज. महाराष्ट्रातल्या बहुतेक बाजारपेठांत हार्डवेअर, काच, रंग यांच्या दुकानांवर सोनेरी कडेची पांढरी टोपी घातलेले दुकानदार भेटतात, ते दाऊदी बोहरा. त्यांच्या श्रद्धेनुसार इमाम गुप्त आहे आणि त्याच्या वतीने दाई कारभार पाहतो. त्याला आपण सैयदना म्हणून ओळखतो. दाईची गादी सोळाव्या शतकात येमेनहून गुजरातेत आली. पुढे ती अहमदाबाद, जामनगर, उज्जैन, सुरत असा प्रवास करत विसाव्या शतकात मुंबईत स्थिरावली. गावोगावी दाईने नेमलेला आमिल असतो. वयात येताना मुलगा-मुलगी मिसाक घेतात, म्हणजे निष्ठेची शपथ. लग्नापासून कबरस्तानापर्यंत, आणि पुष्कळदा नव्या दुकानासाठीही, रझा म्हणजे अनुमती घेतली जाते.

या रचनेत संलग्न मंडळांची संख्या थक्क करणारी आहे. गर्दी सांभाळणारे बुरहानी गार्ड्स आहेत, तरुणांची शबाब आहे, बायकांच्या मंडळ्या आहेत, शिक्षण, आरोग्य, व्यापार अशी खाती आहेत. गेल्या पंधरा वर्षांत फैजुल मवाइदिल बुरहानिया नावाने सामुदायिक स्वयंपाकघरे उभी राहिली. तिथून घरोघरी डबा जातो. गरीब घरी आणि श्रीमंत घरी तोच डबा. यात मला मनापासून आवडलेली गोष्ट ही की रोजच्या स्वयंपाकातून बाईचे काही तास मोकळे झाले. समाजातले कुणी उपाशी झोपणार नाही, ही हमी एका संघटनेने प्रत्यक्ष डबा दारात ठेवून दिली. भेंडी बाजाराच्या साडेसोळा एकरांतल्या जुन्या चाळी पाडून नवे मनोरे उभारण्याचे काम समाजाच्याच एका ट्रस्टने २००९ पासून हाती घेतले. एवढे काम इतक्या शिस्तीने करणारे दुसरे समाज मला फारसे दिसत नाहीत.

मात्र त्याच डब्यामुळे प्रत्येक घर रोज कारभाराच्या यादीत येते. सुधारकांचा आक्षेप हाच आहे: सेवा आणि शिस्त एकाच हातात गेली की सेवा नाकारण्याची ताकदही त्याच हातात जाते. डबा पोहोचवणारा तरुण सेवाभावी असतो, यात मला शंका नाही. पण तो उत्तर देतो आमिलाला आणि आमिल उत्तर देतो गादीला. डबा घेणाऱ्या घराला उत्तर देणारे त्या साखळीत कुणीच नाही.

बोहऱ्यांतला हिशेबाचा पहिला मोठा खटला चांदाभाई गल्ल्याचा. मुंबईत शेठ चांदाभाईंच्या कबरीपाशी भाविक गल्ल्यात पैसे टाकत. हा पैसा दाईचा खाजगी की विश्वस्तनिधी, हा प्रश्न १९१७ मध्ये अॅडव्होकेट जनरलच्या नावाने कोर्टात गेला. त्यामागे होते सर आदमजी पीरभॉय यांचे मुलगे. हेच ते घराणे, ज्याने नेरळ-माथेरानची छोटी रेल्वे बांधली. न्यायमूर्ती मार्टेन यांनी १९२१ मध्ये निर्णय दिला की मशीद, कबर आणि गल्ला हे विश्वस्तनिधी आहेत आणि दाई त्यांचे विश्वस्त म्हणून कायद्याला जबाबदार आहेत. अर्नोल्ड यांच्या कोर्टात जो प्रश्न हरवला होता तो पंचावन्न वर्षांनी इथे नेमका सापडला. दाईंच्या धार्मिक अधिकाराला मार्टेन यांनी धक्का लावला नाही. श्रद्धा तुमची, पण पेटीतला पैसा लोकांनी धर्मकार्यासाठी दिलेला आहे, एवढेच त्यांनी धरून ठेवले.

दुसरा प्रश्न बहिष्काराचा. बऱ्हाणपूरच्या दर्ग्यावरून निघालेल्या खटल्यात १९४७ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने म्हटले की समाजाबाहेर काढण्याचा अधिकार दाईंना आहे, मात्र तो बेबंद नाही. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने १९४९ मध्ये बहिष्कारबंदीचा कायदा केला. दाईंनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने तो कायदा रद्द केला. धर्मसंप्रदायाला स्वतःचा कारभार पाहण्याचा हक्क घटनेच्या सव्विसाव्या कलमाने दिला आहे आणि श्रद्धेच्या रक्षणासाठी बहिष्कार हा त्याचाच भाग, असे बहुमताने धरले. एकटे सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा वेगळे राहिले. त्यांच्याकडे मी शेवटी येईन.

या निकालाने कारभाराचा हात मजबूत झाला. तरीही दशकभरातच राजस्थानातल्या उदयपूरमध्ये उलटा प्रवाह सुरू झाला. तिथल्या तरुणांनी १९७० मध्ये नगरपालिकेच्या निवडणुकीत आमिलाच्या पसंतीच्या उमेदवारांविरुद्ध आपले उमेदवार उभे केले. मागणी धर्म बदलण्याची नव्हती. जमातीचा स्थानिक कारभार निवडून यावा आणि पैशाचा हिशेब मिळावा, एवढीच ती होती. म्हणजे १८६६ चीच यादी. त्यांच्यावर आणि त्यांच्या कुटुंबांवर बहिष्कार आला. नवरा-बायको, बाप-लेक दुरावले. १९७७ मध्ये सिटिझन्स फॉर डेमॉक्रसी या जयप्रकाश नारायण यांच्या संस्थेने न्यायमूर्ती नाथवानी यांच्या नेतृत्वाखाली चौकशी आयोग नेमला. त्याचा अहवाल १९७९ मध्ये आला आणि छळाच्या तक्रारींत त्याला तथ्य आढळले. गादीच्या बाजूने हा आयोग मानला गेला नाही. एका समाजाच्या आतल्या कारभारात बाहेरच्यांनी का पडावे, हा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न रास्त आहे. पण ज्याला आत दाद मागायला जागाच नाही तो बाहेर जाणार. दोष जाणाऱ्याचा नाही.

या चळवळीचा मुंबईतला आवाज म्हणजे असगर अली इंजिनिअर. स्वतः आमिलाचा मुलगा, मुंबई महानगरपालिकेत इंजिनिअर. आपल्याकडे सुधारणेचे नाव काढले की हमीद दलवाईंचे नाव येते. १९७० मध्ये पुण्यात त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले, त्यामागची हिंमत मोठीच होती. पण दलवाई जमातीबाहेर उभे राहून बोलले आणि असगर अली जमातीचे माणूस राहून हिशेब मागत होते. महाराष्ट्राने दलवाईंना निदान वाचले, असगर अलींचे काम मराठीत फार थोडे आले. ही उणीव आपल्या सर्वांची आहे.

गादीच्या मंडळांचा विचार करताना एक उदाहरण महाराष्ट्राबाहेरचे घेतो, कारण त्याची रचना फार विचारपूर्वक केलेली आहे. पंजाबातल्या कादियानला सुरू झालेली अहमदिया जमात. पुष्कळ मुसलमान त्यांना मुसलमान मानत नाहीत आणि पाकिस्तानने १९७४ मध्ये घटना बदलून त्यांना मुस्लिमेतर ठरवले. त्या वादात मी आज शिरत नाही. मला दाखवायची आहे ती त्यांची मांडणी. १९०६ मध्ये सद्र अंजुमन ही मध्यवर्ती संस्था निघाली. १९१४ मध्ये जमात फुटली, त्यात अंजुमन मोठी की खलिफा मोठा हा कळीचा मुद्दा होता. अंजुमन मोठी मानणारे लाहोरला गेले. कादियानला राहिलेल्यांचे दुसरे खलिफा मिर्झा बशीरुद्दीन महमूद अहमद यांनी १९२२ मध्ये स्त्रियांची लजना, १९३८ मध्ये तरुणांची खुद्दाम आणि १९४० मध्ये चाळिशीपुढच्या पुरुषांची अन्सारुल्लाह अशा संघटना उभ्या केल्या. या संघटना स्थानिक अमीराच्या, म्हणजे जमातप्रमुखाच्या, हाताखालच्या शाखा नाहीत. त्यांचे नेतृत्व वेगळ्या साखळीने थेट खलिफापर्यंत जाते. अमीर लजनाच्या कार्यक्रमाला हुकूम देऊ शकत नाही, पण लजनातली प्रत्येक बाई व्यक्ती म्हणून मात्र त्या गावच्या जमातीची सभासद असते आणि त्या नात्याने अमीराचे ऐकते. कारभार सुस्तावला तर संघटना जाग्या राहाव्यात आणि संघटना सुस्तावल्या तर कारभार जागा राहावा, असा त्यामागचा हेतू सांगितला जातो.

स्त्रियांच्या मंडळाला स्थानिक पुरुष कारभाऱ्यापासून सोडवण्याची ही युक्ती १९२२ ची आहे, हे लक्षात घ्या. आपल्या गावातल्या कितीतरी महिला मंडळांचे बँक खाते आजही कार्यकारिणीच्या सहीवर चालते. तरी या रचनेतली सुटका अर्धीच आहे. खालच्या कारभाऱ्यापासून मोकळे झालेले मंडळ वरच्या एकाच खुर्चीला घट्ट बांधले जाते. दोन जागल्ये एकमेकांवर नजर ठेवतात, पण दोघेही अहवाल एकालाच देतात.

आता आपल्या जवळचे. कोकणातल्या सुन्नी मुसलमानांची जमात या सगळ्यांहून निराळी. तिला वर गादी नाही. मोहल्ल्याची जमात, तिची मशीद, कबरस्तान, मदरसा, वर्षाची वर्गणी, एक मुतवल्ली म्हणजे व्यवस्थापक, किंवा कमिटी. मुंबईत गेलेल्यांचे मंडळ वेगळे, आखाती देशांत गेलेल्यांची कमिटी वेगळी. पैसा बहुधा बाहेरून येतो आणि मान गावातल्यांचा असतो. मशिदीला नवा मजला चढवायचा की मुलींच्या शाळेला खोल्या बांधायच्या, यावर कुवेतच्या कमिटीचे मत एक आणि गावच्या जमातीचे दुसरे, असे नेहमी होते. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी तर माणसे दहा गावांची येतात. त्यांच्या मशिदीच्या कमिटीत गावकीचा धाक नसतो आणि गावकीची ओळखही नसते. तिथे पावतीपुस्तक हाच एकमेव दुवा.

गादी नसल्यामुळे इथे केंद्राची जागा सरकारने घेतली आहे, आणि तीही दोन दारांनी. एक दार धर्मादाय आयुक्तांचे, १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने उघडलेले. दुसरे दार वक्फ मंडळाचे, १९९५ च्या वक्फ कायद्याखाली २००२ मध्ये स्थापन झालेले, ज्याचे मुख्यालय औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, पाणचक्कीत आहे. कमिटी बदलली की चेंज रिपोर्ट कुठे द्यायचा, ऑडिट कुणाला पाठवायचे, यावरून वर्षानुवर्षे गोंधळ राहिला. मुसलमानाने केलेली प्रत्येक धर्मादाय विश्वस्त व्यवस्था वक्फच असते असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये महाराष्ट्र वक्फ मंडळाच्याच खटल्यात स्पष्ट केले. २०२५ च्या दुरुस्ती कायद्याने बोहरा आणि आगाखानी यांच्यासाठी वेगळी वक्फ मंडळे काढण्याची तरतूद केली.

सरकारी देखरेखीबद्दल माझे मत सरळ आहे. ती हवी, कारण चांदाभाई गल्ल्याचा प्रश्न देखरेखीशिवाय सुटला नसता. पण ती जमातीच्या सभासदाची जागा घेऊ शकत नाही. पालघरहून पाणचक्की शेकडो किलोमीटरवर आहे. मशिदीत दर शुक्रवारी येणारा माणूस पाच पावलांवर आहे. चेंज रिपोर्ट वेळेवर भरलेला, ऑडिट चोख झालेले आणि तरी सभासदांना वार्षिक खर्च कधी वाचून दाखवलेला नाही, अशा कमिट्या सगळ्याच धर्मांत भरपूर आहेत. कायद्याचे समाधान झाले की आपली जबाबदारी संपली, असे ही मंडळी प्रामाणिकपणे समजतात. हिशेब वर पाठवण्याची सवय लागली की खाली दाखवण्याची सवय सुटते, मग वर दाई असो, खलिफा असो की सरकारी कचेरी.

याला उलटे उदाहरणही मुंबईतलेच आहे. १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लाम निघाली. तिच्या उभारणीत सुलेमानी बोहरा असलेले बद्रुद्दीन तय्यबजी होते आणि कोकणी मुसलमान असलेले महंमद अली रोगे होते. ही संस्था एकाही जमातीची संलग्न नव्हती. अनेक जमातींची माणसे शिक्षणासाठी एकत्र आली, आणि आज बोरीबंदरसमोरच्या त्या इमारतीपासून कितीतरी शाळा-कॉलेजांपर्यंत तिचा पसारा आहे. गादीची रझा आणि गावकीचा मान या दोन्हींच्या बाहेर मुस्लिम समाजात सार्वजनिक काम उभे राहू शकते, हे तिने दीडशे वर्षांपूर्वी दाखवले. तिच्याबद्दल आपल्या पाठ्यपुस्तकांत दोन ओळीही नसाव्यात याचे मला वाईट वाटते.

आता न्यायमूर्ती सिन्हा. १९६२ चा निकाल चूक की बरोबर, हा प्रश्न पुन्हा उघडला आहे. बोहरा सुधारकांच्या मध्यवर्ती मंडळाने १९८६ मध्ये केलेली याचिका पाच न्यायमूर्तींपुढे गेली आणि त्यांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये ती नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे पाठवली. दरम्यान महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला आणि तो २०१७ मध्ये अमलात आला. हा कायदा बोहऱ्यांसाठी म्हणून झालेला नाही. रायगडमधल्या गावक्यांनी आणि राज्यभरच्या जातपंचायतींनी वाळीत टाकलेल्या हिंदू कुटुंबांच्या तक्रारींतून तो आला. बोहरा सुधारक ज्या दारावर इतकी वर्षे धडका देत होते ते दार कोकणातल्या वाळीत टाकलेल्या माणसाने उघडले. एडवणमध्ये हा विषय मी का आणला, याचे खरे उत्तर इथे आहे.

सिन्हा यांचे मत असे होते की १९४९ चा कायदा धर्मात हात घालत नाही. तो माणसाचे नागरी हक्क वाचवतो: समाजाच्या कबरस्तानात पुरले जाण्याचा हक्क, समाजाच्या मालमत्तेच्या वापराचा हक्क. बहिष्कृताची अवस्था अस्पृश्यासारखी होते आणि ती अवस्था घटनेला मान्य नाही, असेही त्यांनी लिहिले. नऊ न्यायमूर्तींनी हे मत स्वीकारावे असे मला वाटते. त्याने दाईंची गादी कमजोर होईल असे मी मानत नाही. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी गादीच्या वारसाचा वाद सध्याचे सैयदना मुफद्दल सैफुद्दीन यांच्या बाजूने निकालात काढला तेव्हा लाखो बोहऱ्यांनी ज्या आनंदाने ते साजरे केले, ती निष्ठा बहिष्काराच्या भीतीतून येत नाही. ती माणसे उद्या डब्याचा जमाखर्च मागतील आणि परवा पुन्हा मजलिसला, म्हणजे धर्मसभेला, जाऊन बसतील. आज फक्त पहिली गोष्ट केल्यावर दुसरीची मुभा उरेल की नाही, याची त्यांना खात्री नाही, आणि ही खात्री देणे कायद्याच्या हातात आहे.